बंदीतली सुरमई

जुलैत मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोरचा सिंधुदुर्ग किल्ला कधी दिसतो, कधी दिसत नाही. सर आली की तटबंदी पुसली जाते, सर सरकली की पुन्हा उमटते. किल्ल्यावर जाता मात्र येत नाही. प्रवासी होड्या मे महिन्याच्या शेवटी बंद होतात, त्या पाऊस ओसरेपर्यंत. तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंगही बंद असतं. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या पार वर, माडांच्या मुळांपर्यंत ओढून ठेवलेल्या असतात. कुठे त्यांच्यावर झावळ्यांचे झाप, कुठे निळं प्लास्टिक, आणि खाली जाळी विणत, तुटलेले मास ओवत बसलेली माणसं. 1 जून ते 31 जुलै, सलग 61 दिवस, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. वल्ह्यांवर चालणाऱ्या छोट्या होड्यांना त्यातून सूट आहे, पण आषाढातल्या दर्यात वल्हं मारत जाणारे किती असणार?

ही बंदी मला फार शहाणपणाची वाटते. कागदावरचा कायदा 1981 चा असला तरी किनाऱ्यावरची माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायची नाहीत, ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि बऱ्याच माशांच्या विणीचा काळ हाच असतो हे दुसरं. बांगड्याच्या पोटात गाबोळी भरते ती पावसाच्या तोंडावर. त्याला आज सोडलं तर तो पुढच्या वर्षी आहे, इतकं हे गणित साधं आहे. आणि ते पाळताना पदरचं घालवतो तो मच्छीमार. दोन महिने त्याच्या घरात मासळीचा पैसा येत नाही.

म्हणूनच त्या दिवशी जेवायला बसलो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या वर ओढलेल्या होड्या होत्या.

मावशीसोबत गेले होते. मावशी सत्तरी ओलांडलेली, माहेर कालावल खाडीच्या काठचं, लग्नानंतर सगळं आयुष्य गिरगावात. घराच्या जागेवर वारस नोंद करायची राहिली होती आणि तहसील कचेरीची तारीख नेमकी जुलैत आली. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या जपून चालतात, त्यामुळे कुडाळला उतरायलाच दुपार झाली. तिथून नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूरच्या रस्त्याने निघालो. शेतांत लावणी चालली होती, इरली जाऊन प्लास्टिकचे कागद आले तरी पाठी तशाच वाकलेल्या. धामापूरचा तलाव काठोकाठ भरला होता. मावशी खिडकीला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक वळणावर आता काय येणार हे आधीच सांगत होती. भूक दोघींनाही कडकडून लागली होती. पहाटेपासून पोटात गेलं होतं ते चहा आणि दोन बिस्किटं.

मालवण अगदी जवळ आल्यावर रस्त्याला लागून एक मोठं हॉटेल दिसलं. पत्र्याची उंच शेड, पुढे गाड्या लावायला चिरे टाकून केलेलं अंगण. अंगणात पुण्याच्या, कोल्हापूरच्या नंबरांच्या गाड्या दाटीने उभ्या. श्रावण तोंडावर आला होता. पुढचा महिनाभर ज्यांच्या घरात मासे शिजणार नाहीत, ती मंडळी शेवटचं मनसोक्त खाऊन घ्यायला किनाऱ्यावर आली होती. दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं: सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी, तिसऱ्या मसाला. डिसेंबरात असेल तोच फळा. धक्का बंद, होड्या बंद, किल्ला बंद, आणि इथे सगळं चालू.

मी वाढप्याला विचारलं, "आज ताजं काय आहे?"

"सगळं ताजं आहे मॅडम. सुरमई तर आत्ताच आली."

"कुठून आली? बंदी आहे ना?"

तो पोरगा जेमतेम विशीचा, बोलण्यावरून इथला वाटत नव्हता. त्याला या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलेलंच नव्हतं. "ताजी आहे," तो पुन्हा म्हणाला. मावशी म्हणाली, "अगं, लहान होडीवाल्याला एखादी मिळते कधीकधी. मागव." तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी दोन सुरमई थाळ्या सांगितल्या.

आधी सोलकढी आली. मावशीने घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही. मी चाखली. रंग गडद गुलाबी, सरबतासारखा, आणि चवीला आधी गोड, मग नुसतं पाणी. लसणाचा मागमूस नाही, मिरचीचा नाही. नारळाचं दूध म्हणून जे काही होतं ते जिभेवर पिठूळ लागत होतं. या सोलकढीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण माशाला बंदी असते, सोलकढीला नसते. उलट सोलकढीचे हेच दिवस. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, पावसाच्या आत उतरवून त्यांची सोलं वाळवतात आणि मीठ घालून आगळ काढतात. म्हणजे जुलैत इथल्या घराघरांत वर्षाचं नवंकोरं आगळ बरणीत भरलेलं असतं. माड तर अंगणात उभेच. एक नारळ खवून, वाटून, पिळून त्यात दोन चमचे आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घातली की झालं. रंग फिका येतो, किंचित जांभळटाकडे झुकलेला. घशाखाली उतरताना आंबटपणा आधी लागतो आणि लसूण मागाहून. याला मासा लागत नाही, बर्फ लागत नाही, आणि तरीही ती वाटीत बाटलीतून ओतलेली आली.

मग थाळी. मधोमध सुरमईची तुकडी, वर रव्याचा जाड थर. आमच्या घरी तुकडीला हळद, मीठ, आगळ आणि मसाला चोळून तांदळाच्या पिठात हलकेच घोळवायचे. रवा लावणं वाईट असं मी म्हणणार नाही, कुरकुरीत लागतो, लोकांना आवडतो. पण रव्याखाली लपवताही येतं. मी काट्याजवळून तुकडी मोडली. ताजी सुरमई मोडते तेव्हा तिचे पापुद्रे सुटतात, ओलसर, आतून किंचित चमकणारे, एकेक वेगळा. ही मोडली नाही, विस्कटली. बाहेरून कोरडी, आतून पाणी सुटलेली, आणि दाताखाली तंतू तंतू. असा मासा कसा होतो हे मच्छी बाजारातली कोणतीही बाई सांगेल. मासा हळूहळू गोठवला की त्याच्या अंगातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशी फाडतात. मग तो वितळला की सगळा रस पाण्यावाटे निघून जातो. झपाट्याने, फार थंडीत गोठवलेला मासा बराच टिकतो. पण हॉटेलच्या पेटीत दिवसभरात दहादा झाकण उघडून ठेवलेला, विजेच्या लपंडावात अर्धा वितळून पुन्हा गोठलेला मासा असा होतो. मीठ-मसाल्याने त्याला वास येऊ देत नाहीत, चव मात्र परत आणता येत नाही.

माशाची कढी पातळ होती आणि वर लाल तेलाचा तवंग. वाटपात ओलं खोबरं थोडं, बाकी कांदा-टोमॅटो. मालवणी कढीत टोमॅटो पाहिला की मला चुकल्यासारखं होतं. तिथे आंबटपणा कोकमाचा असतो, आणि बांगड्याच्या तिखल्यात ठेचून टाकलेल्या तिरफळाची जिभेवर जी झिणझिण उठते, तिची जागा दुसरं काही घेत नाही. मसालाही मेमध्येच होतो, उन्हात वाळवलेल्या मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, लवंग, सगळं भाजून कुटून. म्हणजे तोही जुलैत ऐन ताजा असायला हवा. या कढीत तिखटपणा होता, मसाला नव्हता. भात पांढरा, लांब दाण्याचा, मोकळा. उकड्या तांदळाचा नव्हे, जो कढी पिऊन घेतो.

मावशी हळूहळू जेवत होती, काही न बोलता. ताटातलं टाकायचं नाही हा तिचा जन्माचा नियम. आणि मग तिचा हात ताटाच्या कडेला गेला. तिथे चिमूटभर काहीतरी वाढलेलं होतं, लोणच्याच्या शेजारी, फळ्यावर नाव नसलेलं. भाजलेला जवळा, कच्चा कांदा, ओलं खोबरं, मिरची, वर कोकमाचं पाणी. तिने एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही घेतला. कुरकुर, खारटपणा, खोबऱ्याचा गोडवा, आणि त्यामागे उन्हात वाळलेल्या समुद्राचा वास. त्या अख्ख्या ताटात दर्याशी नातं असलेली एवढी एकच गोष्ट होती.

मावशीने पोराला हाक मारून आणखी मागितलं. तो गोंधळला. ही वस्तू कुणी पुन्हा मागत नसावं. आतून एक मध्यमवयीन बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"ह्या कोणी केल्यान गो?" मावशीची मालवणी इतक्या वर्षांनी एका क्षणात बाहेर आली.

"मिया केलंय. कित्या, बरा नाय झाला?"

"बरा? अगो, ह्याच खावक इलंय मी."

ती बाई हसली आणि वाटीभर घेऊन आली. आम्ही त्या वाटीवर भात संपवला.

मालक गल्ल्यावर होता. पैसे देताना मी त्याला सरळ सांगितलं की सुरमई बर्फातली होती आणि ती ताजी म्हणून वाढायला नको होती. तो चिडला नाही. तो म्हणाला, "बंदी असा ता आमका म्हायत नाय काय? पण लोक येतत ते सुरमय खावक. नाय म्हटला तर गाडी फुडच्या हाटेलात जाता." मासा कुठून येतो तेही त्याने लपवलं नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. आपल्या होड्या किनाऱ्यावर येतात त्यानंतर पंधरवड्यात तिकडच्या होड्या पाण्यात जातात. मग तिकडचा मासा बर्फात भरून देशाच्या या टोकाला येतो. त्यात गैर काही नाही, कायदाही मोडत नाही. पण अर्ध्या देशाचा प्रवास केलेला तो मासा मालवणच्या नावाने विकला जातो, आणि मालवणच्या मच्छीमाराच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

मला इथे खरंच बोलावंसं वाटतं. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी, रापण ओढणाऱ्यांनी, आपल्या समुद्रासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं आहे. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, रात्री प्रखर दिव्यांवर मासा गोळा करून उचलून नेणाऱ्या नौकांविरुद्ध. केंद्राने 2017 मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. रापणीत किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी जाळं ओढतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जो ओढायला आला त्याचा वाटा. असा मच्छीमार दोन महिने हात बांधून बसतो, मासा विणावा म्हणून. आणि त्याच्याच गावात, त्याच दिवसांत, पाटीवर बारमाही सुरमई. जेवणाऱ्याला कळतसुद्धा नाही की किनाऱ्यावर कुणीतरी त्याच्यासाठी वाट पाहतं आहे.

आणि गर्दी नेमकी याच दिवसांत. श्रावणाआधी मासे खाऊन घ्यायचे ही पद्धत जेव्हा पडली, तेव्हा लोक आपापल्या गावी राहात होते आणि खाडीतलं, शेतातलं, वाळवणातलं खात होते. आता दोनशे-चारशे किलोमीटरवरून गाड्या येतात आणि समुद्रात एकही यांत्रिक नौका नसताना प्रत्येकाला समुद्रातलाच मोठा मासा हवा असतो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. त्यानंतर मालवणी जेवणाची कीर्ती पसरली याचा मला आनंद आहे. पण त्या कीर्तीत जेवणाची थाळी एकच झाली, वर्षाच्या बाराही महिन्यांची. ऋतू तिच्यातून निघून गेला.

गावातल्या खोलीवर पोचेपर्यंत मावशी आषाढातल्या स्वयंपाकाबद्दल बोलत होती, आणि ते ऐकताना मला त्या दुपारच्या ताटाचा राग पुन्हा पुन्हा येत होता, कारण देण्यासारखं किती होतं! मेमध्ये मिठात मुरवून वाळवलेले बांगडे, खारी मोरी, जवळा, गोलमा, सगळं डब्यांत झाकण घट्ट लावून. राखेत नाहीतर मातीत जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, त्या घालून केलेलं सुकटीचं कालवण. पहिल्या पावसानंतर बांधांवर उगवणारा टाकळा, भारंगी, कुर्डू, परसातलं अळू. व्हाळांतल्या कुर्ल्या, त्यांचं कवच फोडून चोखत बसायचं आणि घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. खाडीत पागाने धरलेले शेवटे, काळुंदर, एखादी तांबोशी. चढणीचे मासे तर मुलांचा सणच. पहिल्या पुराबरोबर गोड्या पाण्यातले मासे ओहोळांतून, शेतांतून वर चढतात आणि लोक रात्री बत्त्या घेऊन निघतात. त्यांच्याही पोटात गाबोळी असते, तेव्हा घरापुरतेच धरावेत असं मला वाटतं. मावशीला हे पटलं नाही. तिच्या लहानपणी ते कधी कमी पडलेच नव्हते.

पण या सगळ्यांच्या वर तिच्या लेखी कुळथाची पिठी. भातकापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ होतो. तो भाजून, भरडून, पाखडून दळायचा. लसूण, कांदा, मिरची फोडणीत परतून पाणी उकळायचं, दोन आमसुलं टाकायची आणि कालवलेलं पीठ एका हाताने धरत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, गुठळी होऊ न देता. वर ओलं खोबरं. उकडा भात, त्यावर गरम पिठी, शेजारी निखाऱ्यावर भाजून कुस्करलेला सुका बांगडा. "एवढं असलं की बाहेर कितीही पाऊस पडो," ती म्हणाली.

खोलीच्या मालकीणबाई दाराशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. रात्री काय करू विचारायला आल्या होत्या. चिकन की अंडी, एवढंच त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मावशीने पिठी मागितली तेव्हा त्या संकोचल्या. पाहुण्याला पिठी कशी वाढायची? शेवटी केलीच. अंगणाच्या पडवीत निखारे पेटवले, बांगडा भाजला, त्या वासाने शेजारचं मांजर कुंपणावर येऊन बसलं. पिठीत लसूण सढळ होती, मीठ किंचित जास्त. सोलकढी त्यांच्या घरच्या आगळाची. दुपारी जे ताटात शोधत होते ते सगळं इथे मिळालं, आणि त्यासाठी समुद्रातला एकही ताजा मासा लागला नाही. मावशीने तीनदा पिठी वाढून घेतली.

सकाळी हिशेब करताना त्यांनी रात्रीचं जेवण धरलंच नव्हतं. मी आठवण केली.

"ह्येचे पैशे कसले घेवचे? ह्या आमचा रोजचा."

मला दुपारच्या हॉटेलातली ती बाई आठवली. जवळा तिने स्वतःच्या हाताने केला होता आणि ताटाच्या कडेला, फुकट, बिननावाचा वाढला होता. जे आपलं, ते विकण्याजोगं नाही, आणि जे बर्फातून आलेलं, त्याची पाटी दारात. ही समजूत कुणा एका हॉटेलवाल्याने तयार केलेली नाही. सुरमई नाही म्हटल्यावर गाडी वळवणाऱ्या आपण सगळ्यांनी ती तयार केली आहे. मालवणात आजही काही खानावळी आहेत, जिथे जुलैत सरळ सांगतात की आज मासा नाही, सुकं आहे, चालेल का. तिथे बसायला हवं. तिथे पिठी मागायला हवी आणि तिचे पूर्ण पैसे मोजायला हवेत.

मावशीने मालकीणबाईंकडून त्यांची हिशेबाची वही मागून घेतली. चष्मा लावून मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उकडा भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, सोलकढी. पुढे दराची जागा मोकळी सोडली आणि वही त्यांच्यासमोर धरली. "हा कागद दाराबाहेर लाव. दर तू घाल."

त्या बराच वेळ त्या पानाकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "बघया, गणपती झाल्यावर लावतंय."

"गणपतीनंतर मासळी येतली. मगे कित्याक?" मावशी म्हणाली. "आताच लाव."